पर्यावरण अभियांत्रिकी: बारावीनंतर लगेच, की आधी सिव्हिल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी सांगली जिल्ह्यातली, बारावी झालेली, सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल मिळालेलं. तिला पर्यावरण अभियांत्रिकीच शिकायची आहे. एका फारशा नाव नसलेल्या खासगी कॉलेजात थेट ‘बीटेक पर्यावरण’ला जागा मिळतेय. दुसरीकडे चांगल्या कॉलेजात सिव्हिल मिळू शकतं, मग एमटेकला पर्यावरण. वडिलांचं म्हणणं, हे दोन्ही सोड आणि कॉम्प्युटर घे. शिवाय तीन उपप्रश्न: केमिस्ट्री कच्ची आहे, चालेल का? मुलींना साइटवर जमतं का? लॅपटॉप कोणता घेऊ?

माझी ओळख एवढीच की वीसेक वर्षं मी सांडपाणी आणि पिण्याच्या पाण्याचे प्रकल्प डिझाइन करतो, उभे राहिल्यावर चालू करून देतो, आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो. हवा प्रदूषण आणि घनकचरा ही माझी रोजची कामं नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं पाण्याच्या बाजूने आलेलं आहे असं समजून वाचा.

तुम्ही विचारलंय पदवीबद्दल, पण प्रश्नातली एक ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. कृष्णेत मेलेले मासे तरंगताना पाहिले आणि तेव्हापासून या क्षेत्रात काहीतरी करावंसं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. भावना खरी आहे, तिची टिंगल करणार नाही. मात्र या शाखेला येणारी निम्मी मुलं अशाच भावनेने येतात आणि दुसऱ्या वर्षी कंटाळतात, कारण समोर येतं ते गणित, दुर्गंधी आणि कागद. तेव्हा पहिला निर्णय हा की त्या माशांच्या पुढचं गणित तुम्हाला आवडतंय का. कॉलेज त्यानंतर.

ते गणित कसं असतं ते दाखवतो. मासे बहुतेक वेळा विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास स्वच्छ पाण्यात प्रतिलीटर साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. मासे नीट जगायला किमान ४ तरी हवा. नदीला पाणी कमी आणि त्यात सेंद्रिय घाण आली की जिवाणू ती घाण खातात आणि खाताना हा प्राणवायू वापरतात. त्यांना किती लागेल याचं माप म्हणजे बीओडी. आता एक लाख वस्तीचं गाव घ्या. माणशी १३५ लीटर पाणी धरलं तर रोज १ कोटी ३५ लाख लीटर, म्हणजे १३.५ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लीटर). त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरतात: १०.८ एमएलडी. त्याची बीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलीटर असेल तर रोजचा बोजा २,७०० किलो. म्हणजे प्रक्रिया न करता सोडलं तर जिवाणू नदीकडे रोज पावणेतीन टनांच्या आसपास प्राणवायू मागणार. नदीत तेवढा आहे का, नसेल तर काठावर टाक्या बांधून, हवा फुंकणारे ब्लोअर लावून आधीच किती भागवायचा, त्याला वीज किती, जागा किती, गाळ किती निघेल, तो कुठे जाईल. चार वर्षांचा अभ्यासक्रम बराचसा या एका साखळीचाच विस्तार आहे.

हे वाचताना वहीत आकडे मांडून बघावेसे वाटले असतील तर तुम्ही या विषयाच्या आहात. डोळे पुढच्या परिच्छेदाकडे पळाले असतील तर तेही आत्ताच कळलेलं बरं. निसर्गावर प्रेम करायला पर्यावरण अभियंता व्हावं लागत नाही. जंगल, पक्षी, जैवविविधता यांची ओढ असेल तर त्यासाठी जीवशास्त्र, वनशास्त्र, परिसंस्थाशास्त्र असे सरळ रस्ते आहेत. आमच्याकडे येतात ते मैला, गाळ, फेस आणि पंप.

आता पदवी. माझं मत सरळ सांगतो: तुमच्या परिस्थितीत चांगल्या कॉलेजातलं सिव्हिल घ्या, पर्यावरण एमटेकला ठेवा. कारणं दोन, आणि दोन्ही व्यवहारातली.

पहिलं कारण बांधकामाचं. सांडपाणी प्रकल्प म्हणजे शेवटी काँक्रीटच्या टाक्या आणि पाइप. नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येतं. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली आणि खालचा पाण्याचा दाब तिच्या वजनापेक्षा जास्त झाला, तर अख्खी टाकी उचलली जाते, जोडलेले पाइप तुटतात. म्हणून तळाचा स्लॅब जाड करणं, तो भिंतींच्या बाहेर काढणं, दाब सोडायची सोय ठेवणं हे सगळं आधीच बघावं लागतं. प्रक्रियेचं गणित बिनचूक असणाऱ्या पण हे न सुचणाऱ्या अभियंत्याला मोठ्या प्रकल्पावर कुणी एकट्याने सोडत नाही. मृदा, संरचना, जलगतिकी आणि अंदाजपत्रक सिव्हिलमध्ये पक्कं होतं. थेट पर्यावरण पदवीत हे विषय असतात, पण आटोपते घेतलेले.

दुसरं कारण सरकारी जाहिरातींचं. राज्यातल्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या बऱ्याच पदांना ‘स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा समकक्ष’ अशी अट असते आणि समकक्ष पदव्यांची यादी जाहिरातीतच दिलेली असते. नुसती ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ त्या यादीत दरवेळी असेलच असं नाही. आजच मागच्या काही वर्षांच्या जाहिराती काढा: लोकसेवा आयोग, जीवन प्राधिकरण, नगरपरिषदांची अभियांत्रिकी सेवा, जवळच्या महापालिका. प्रत्येकीतली शैक्षणिक अर्हतेची ओळ एका कागदावर उतरवा आणि वडिलांसमोर ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जाहिराती वेगळ्या वाचा, तिथे चित्र वेगळं दिसू शकतं.

मात्र हे मत सगळ्यांना लागू नाही. पवईची आयआयटी, धनबादची आयआयटी किंवा दिल्लीचं डीटीयू अशा ठिकाणी पर्यावरणची पदवी मिळत असती, तर मी ती सोडू नका म्हटलं असतं. तिथली प्रयोगशाळा, प्राध्यापक आणि सोबतची मुलं यांचं वजन पदवीच्या नावाहून जास्त असतं. घरची परिस्थिती अशी असेल की चार वर्षांनंतर आणखी दोन वर्षं शिकणं शक्यच नाही, तरीही गणित बदलतं. तेव्हा सिव्हिलच घ्या, वैकल्पिक विषय आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पर्यावरणाचा करा, आणि थेट नोकरीला लागा. आमच्याकडे असे बरेच जण आहेत आणि एमटेकवाल्यांपेक्षा त्यांचं काही अडत नाही. परदेशी जाऊन शिकायचं असेल तर दोन्ही पदव्या चालतात, तिथे पदवीपेक्षा कोणते विषय घेतले होते ते बघतात.

केमिकल अभियांत्रिकीचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण कारखान्यांच्या सांडपाण्यात रस असेल तर तीही चांगली पायवाट आहे. वस्तुमान-समतोल (आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब) आणि रिअ‍ॅक्टर केमिकलच्या मुलांना झोपेतही येतात. सिव्हिलची मुलं तिथे चाचपडतात.

केमिस्ट्रीबद्दल. बारावीची सेंद्रिय रसायनं पाठ नसतील तर बिघडत नाही, नावांच्या अभिक्रिया आम्हाला कधी लागत नाहीत. लागतं ते थोडं पण पक्कं: मोल आणि सममूल्य, आम्ल-आम्लारी, क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), ऑक्सिडीकरण-क्षपण, अवक्षेपण. एक नमुना देतो. सांडपाण्यातल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात. अमोनियातल्या दर १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ४.५७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. पाण्यात मुळातच क्षारता कमी असेल तर पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया तसाच बाहेर जातो आणि ऑपरेटर बिचारा हवा वाढवत बसतो. हवा वाढवून काही होत नाही, तिथे चुना किंवा सोडा लागतो. एवढी केमिस्ट्री आली म्हणजे झालं. ती कॉलेजातही शिकता येते, फक्त घोकून शिकू नका.

खरी अडचण सहसा सूक्ष्मजीवशास्त्राची होते, कारण सिव्हिलच्या मुलांना जिवंत गोष्टींची सवय नसते. तुम्ही ग्रामीण भागातल्या आहात, तुम्हाला पटकन कळेल: एरेशन टँक, म्हणजे हवा सोडून सांडपाण्यात जिवाणू पोसायची टाकी, चालवणं गोठा चालवण्यासारखंच आहे. वैरण वेळेवर आणि मापात, हवा खेळती, आणि जनावरं जास्त झाली की काही कमी करावी लागतात. साखर कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात) तर हे शब्दशः दिसतं. गाळप हंगाम संपला की सांडपाणी बंद, जिवाणू उपाशी. पुढच्या हंगामाच्या तोंडावर पुन्हा जिवाणूंचं कल्चर उभं करावं लागतं, आणि त्यासाठी शेणकाला टाकतात. कारखान्याच्या पाण्यात साखर भरपूर पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नाही, म्हणून युरिया आणि डीएपी तोलून घालतात. बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं १०० : ५ : १ हे प्रमाण पुस्तकात वाचलं की कोरडं वाटतं. पोत्यातून युरिया काढताना ते डोक्यात बसतं आणि मग जात नाही.

यावरून कॉलेज निवडायची माझी कसोटी सांगतो. एनबीए, नॅक ही मानांकनं, प्लेसमेंटचे फलक हे सगळं बघाच, पण ‘मला पर्यावरणाची प्रयोगशाळा बघायची आहे’ असं म्हणून आत जा. बीओडी इन्क्युबेटर चालू आहे का? त्यावरचं तापमान २७ अंश दाखवतंय का? आपल्याकडे ही चाचणी ३ दिवस, २७ अंशांवर करतात. परदेशी पुस्तकांत ५ दिवस, २० अंश असतं. आत बाटल्या आहेत की कुणाचे डबे ठेवलेत? सीओडीची (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज) नळकांडी वापरून काळवंडलेली आहेत की नवी कोरी? आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा की सीओडीच्या टायट्रेशनमध्ये शेवटी रंग कसा बदलतो. स्वतः केलं असेल तर तो लगेच सांगेल: निळसर हिरव्यावरून एका थेंबात तांबूस तपकिरी. ‘सर करून दाखवतात’ असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा. मुलाखतीतही मी हेच विचारतो. गुणपत्रिकेत ‘पर्यावरण अभियांत्रिकी प्रयोगशाळा: उत्कृष्ट’ लिहिलेलं असतं आणि समोरच्याला एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसवून काय कळतं ते सांगता येत नाही.

ते काय कळतं तेही सांगून टाकतो, पुढे कामाला येईल. एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या मोजनळीत भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. गाळ समजा ३०० मिलिलीटरवर बसला. टाकीतल्या घन पदार्थांचं प्रमाण ३,००० मिलिग्रॅम प्रतिलीटर असेल तर १ ग्रॅम गाळाने १०० मिलिलीटर जागा घेतली. हे ठीक. हाच ग्रॅममागचा आकडा दीडशेच्या वर चढत गेला की गाळ फुगतोय, तंतुमय जिवाणू वाढलेत, आणि पुढच्या टाकीतून गाळ वाहून जायची वेळ जवळ आली. मोजनळी आणि घड्याळ, याहून फार काही लागत नाही. मात्र ही चाचणी रोज करावी लागते, आणि रोज कुणी करत नाही.

एमटेकबद्दल थोडक्यात. गेट, म्हणजे एमटेक प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, द्याच. २०२१पासून ‘पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी’ असा स्वतंत्र पेपर आहे, शिवाय सिव्हिलच्या पेपरातही पर्यावरणाचा भाग असतोच. गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. वडिलांना हा आकडा सांगा. राज्यात व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, नागपूरचं व्हीएनआयटी आणि अर्थात पवई. वालचंद तर तुमच्या दारातच आहे. नागपूरचा एक जास्तीचा फायदा म्हणजे नीरी. १९५८ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था तिथे आहे आणि तिच्याभोवती या विषयाची जाणती माणसं सापडतात. त्याच शहरात भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, १३० एमएलडी क्षमतेचा प्रकल्प आहे. सांडपाण्याचा पुनर्वापर प्रत्यक्ष बघायचा तर तिथे जाऊन बघावा. एमटेकचा प्रबंध मात्र प्रयोगाचा घ्या. ‘अमुक तंत्रज्ञानाचा आढावा’ छाप प्रबंध मुलाखतीत पाच मिनिटंही टिकत नाही.

नोकऱ्या. वडिलांची काळजी इथे आहे आणि ती रास्त आहे. पहिला पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल, आणि पहिली काही वर्षं तो फरक टोचेल. कामाचा तुटवडा मात्र मला दिसत नाही. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वेसावे, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशी सात केंद्रं मिळून २,४६४ एमएलडीचं काम चाललंय. पुण्यात ११ केंद्रांचं, ३९६ एमएलडीचं काम आहे. हे बांधायला माणसं लागतात आणि बांधून झाल्यावर वर्षानुवर्षं चालवायलाही. शिवाय २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या मंजुरीसोबत सांडपाणी प्रकल्प येतोच. पुणे-पिंपरीतल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या तळघरात एक एसटीपी (सांडपाणी प्रकल्प) आहे, त्यातले बरेच आजारी आहेत, कारण वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात आणि सकाळी वास का येतो म्हणून फोन करतात.

कामाचे ढोबळ प्रकार असे: प्रकल्प बांधणाऱ्या कंपन्यांत डिझाइन आणि कमिशनिंग (उभा प्रकल्प चालू करून देणं), कारखान्यांत ईटीपी आणि सुरक्षा विभाग, प्रयोगशाळा, आणि सल्लागारांकडे पर्यावरण परिणाम अहवाल, प्रदूषण मंडळाच्या परवानगीची (कन्सेंट) कागदपत्रं. शेवटच्या प्रकाराबद्दल जरा जपून. २००६च्या अधिसूचनेनंतर अहवालांचा मोठा धंदा उभा राहिला, त्यात मन लावून काम करणारे आहेत आणि जुन्या अहवालात गावाचं नाव बदलून देणारेही आहेत. पहिलीच नोकरी दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी लागली तर दोन वर्षांत टायपिंगचा वेग तेवढा वाढतो. माझा आग्रह असा की पहिली दोन-तीन वर्षं प्रकल्पावर काढा, मग हवं तर डिझाइनच्या टेबलावर या. १९७४चा पाणी कायदा आणि १९८६चा पर्यावरण कायदा वाचलेला अभियंता कुठेही उपयोगी पडतो, पण पंपाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते ओळखणारा त्याहून दुर्मीळ आहे.

मुलींचं. प्रयोगशाळा आणि डिझाइन विभागात मुली भरपूर आहेत. कमिशनिंगला कमी आहेत, आणि त्याचं कारण क्षमतेशी संबंधित नाही. साइटवर स्वच्छतागृह नसतं, राहायची सोय धड नसते, रात्री बारा वाजता ब्लोअर बंद पडला तर जायला गाडी नसते. चांगल्या कंपन्या याची सोय करतात. मुलाखतीत संकोच न करता विचारा. या प्रश्नावर कंपनी चिडली तर तिथे जाऊ नका. एक नियम मात्र मुलगा असो वा मुलगी, सगळ्यांसाठी: मॅनहोलमध्ये किंवा बंद टाकीत वायू तपासल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही आणि कुणाला उतरवायचंही नाही. हायड्रोजन सल्फाइड आधी वासाने कळतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. वरिष्ठ म्हणाले तरी नाही म्हणायचं.

थोडक्यात सांगायचं तर: सिव्हिल, चांगलं कॉलेज, पर्यावरणाचे वैकल्पिक विषय, गेट, मग एमटेक किंवा थेट साइट. कॅपचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) पर्याय अर्ज भरण्याआधी एक दिवस काढून जवळचा साखर कारखाना किंवा महापालिकेचं मलनिस्सारण केंद्र बघून या. ओळख काढा, अर्ज द्या, बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला नाही म्हणत नाहीत. वडिलांनाही सोबत न्या. ऑपरेटरशी बोला, त्याचं लॉगबुक बघायला मागा. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं वास नकोसा होईल, ते सगळ्यांचं होतं. त्यानंतरही प्रश्न विचारावेसे वाटतायत का, तेवढं बघा.

आणि लॅपटॉप: पहिल्या वर्षाला महागडा घेऊ नका. ऑटोकॅड चालेल असा साधा, ८ जीबी मेमरीचा पुरतो, जमलं तर १६. पाइपांच्या जाळ्यासाठी एपानेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही पळतं. बाकी बहुतेक डिझाइन आम्ही अजूनही एक्सेलमध्येच करतो, त्यामुळे सुट्टीत शिकायचंच असेल तर ते शिका, आणि वर दिलेलं एक लाख वस्तीचं गणित त्यात मांडून बघा.